अधिक माहितीसाठी संपर्क

प्रसिद्धीपत्रकात जनसंपर्क अधिकाऱ्याचं नाव एकाच ठिकाणी येतं. मजकूर संपला, संस्थेची ओळख करून देणारा ठरलेला परिच्छेद संपला, की अगदी तळाशी ‘अधिक माहितीसाठी संपर्क’ आणि त्यापुढे एक नाव, एक नंबर. बातमी छापून येते तेव्हा ती ओळ गळालेली असते. बातमीवर नाव बातमीदाराचं, कोट अध्यक्षांचा, फोटोखाली फोटोग्राफर. बाहेर दाखवायला काहीच उरत नसल्यामुळे बाहेरच्यांना, आणि कधीकधी आतल्यांनाही, हा पेशा म्हणजे ओळखीपाळखी आणि गोड बोलणं एवढाच वाटतो. मला ते मान्य नाही. रात्री साडेदहाला पान लावायला घेतलेला उपसंपादक त्या नंबरवर फोन करून विचारतो, ‘तिसऱ्या परिच्छेदातला आकडा कुठल्या वर्षाचा?’ आणि समोरून अर्ध्या मिनिटात, हातात कागद धरून, नेमकं उत्तर मिळतं. पीआरमधल्या, म्हणजे जनसंपर्कातल्या, माणसाने अभिमान धरावा तो या उत्तराचा.

आधुनिक जनसंपर्काचा पहिला जाहीरनामा हेच सांगत होता. १९०६ मध्ये अमेरिकेत कोळसा खाणमालकांचं काम घेतलेल्या आयव्ही ली यांनी संपादकांना एक निवेदन पाठवलं. हे छुपं प्रसिद्धी कार्यालय नाही, आमचं सगळं काम उघडपणे चालतं, आणि दिलेली कोणतीही माहिती संपादकाला स्वतः पडताळून पाहायची असेल तर आम्ही आनंदाने मदत करू, असा त्याचा आशय होता. पण या पेशाचा दुसरा धडाही लींच्याच नावावर आहे, आणि तो पहिल्याइतकाच शिकवला पाहिजे. १९१४ मध्ये कोलोरॅडोतल्या लडलो इथे खाण कामगारांच्या संपात माणसं मारली गेली. त्यानंतर लींनी मालकांच्या बाजूने पत्रकांची मालिका काढली. त्यात कामगार संघटनेच्या नेत्यांना वर्षभरात मिळालेले पैसे काही आठवड्यांतले म्हणून छापले गेले. पुढच्या वर्षी सरकारी आयोगाने विचारलं, की मालकांनी दिलेली माहिती खरी आहे का हे तपासायला तुम्ही स्वतः काय केलंत? काहीही नाही, हे लींना कबूल करावं लागलं.

‘क्लायंटने दिलं, आम्ही पाठवलं’ हे वाक्य आजही रोज कुठल्या ना कुठल्या एजन्सीत ऐकू येतं. या पेशाचा दर्जा घसरतो तो मोठ्या कारस्थानांनी कमी आणि या वाक्याने जास्त, असं मी मानतो.

म्हणून पत्रकाबरोबर एक तपासणी तक्ता असावा. तो बाहेर कोणाला दिसत नाही. त्यात चार रकाने पुरतात: पत्रकातलं विधान, ते कुठल्या कागदावरून घेतलं, कोणी दुजोरा दिला, कोणत्या तारखेला. साडेतीनशे-चारशे शब्दांच्या पत्रकात अशी पंधरा-वीस विधानं सहज निघतात, कारण प्रत्येक आकडा, प्रत्येक पदनाम, प्रत्येक तारीख हे वेगळं विधान धरायचं. तक्ता भरताना जिथे दुसरा रकाना रिकामा राहतो, तिथे वाक्य काढायचं किंवा बदलायचं. ‘देशातला पहिला’, ‘सर्वांत मोठा’, ‘आघाडीचा’ हे शब्द याच रकान्यात अडकतात. सर्वांत मोठा कशात? उत्पादनात, उलाढालीत, की नुसत्या जागेच्या क्षेत्रफळात? कोणाच्या यादीनुसार? उत्तर नसेल तर ‘मोठा’ एवढंही लिहू नये. किती मोठा ते आकड्यात लिहावं आणि वाचकाला ठरवू द्यावं.

आकड्यांची एक खोड अशी, की खरे असूनही ते फसवतात. ‘तक्रारी चाळीस टक्क्यांनी घटल्या’ हे वाक्य दहाच्या सहा झाल्या तरी खरं आणि हजाराच्या सहाशे झाल्या तरी खरं. म्हणून टक्क्यासोबत मूळ संख्या आणि कालावधी दिलाच पाहिजे. हिस्सा दोन टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर गेला तर ती एका टक्केबिंदूची वाढ असते आणि पन्नास टक्क्यांचीही. मार्केटिंगवाले दुसरी मागतात. मी दोन्ही मूळ आकडे लिहा म्हणेन, म्हणजे वाद मिटतो. ‘गुंतवणूक’ या शब्दाखाली झालेला खर्च आणि करू म्हटलेला खर्च एकत्र मोजायचा मोह तर फार जुना आहे. आर्थिक पत्रकाराला तो पहिल्याच वाचनात दिसतो, आणि त्यानंतर तुमची पुढची दहा पत्रकं तो संशयानेच वाचतो.

चुका बहुतेक ठरावीक जागी होतात. वार आणि तारीख जुळत नाही. शीर्षकातला आकडा शेवटच्या फेरीत बदलतो आणि मजकुरात जुना राहतो. फोटोओळीत नावं डावीकडून लिहिलेली, पण ऐन वेळी दोन माणसांनी जागा बदललेल्या. वर्ड फाइलमध्ये वकिलाच्या सूचना आणि खोडलेली वाक्यं तशीच, एक क्लिक केली की पत्रकारासमोर उघडी. ईमेल पत्ते ‘बीसीसी’ऐवजी ‘टू’मध्ये, म्हणजे प्रत्येकाला सगळ्यांचे पत्ते दिसतात. मोबाइल नंबरचा एक आकडा चुकलेला, म्हणजे नेमकी खुलाशाची वाटच बंद. यावर उपाय साधे आहेत, पण घाईत तेच आधी सुटतात. लिहिणाऱ्याने तपासायचं नाही. दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं आणि तिसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ‘हो’ म्हणायचं. छापलेला नंबर प्रत्यक्ष लावून बघायचा. पाठवायची प्रत नव्या कोऱ्या फाइलमध्ये घ्यायची आणि मजकूर ईमेलमध्येच द्यायचा, कारण मोबाइलवर काम करणारा बातमीदार जोडपत्र उघडतोच असं नाही. नुसतं ‘उद्या सकाळपर्यंत प्रसिद्ध करू नये’ असं लिहिणं म्हणजे भांडणाला आमंत्रण; तारीख, वेळ आणि टाइमझोन तिन्ही लिहायचे, आणि मजकूर पाठवायच्या आधी बंधन मान्य आहे का ते विचारून घ्यायचं. न विचारता लादलेलं बंधन पत्रकाराने पाळलंच पाहिजे असं काही नाही.

पत्रकातला कोट ही या कामातली सर्वांत नाजूक जागा आहे. बहुतेक कोट जनसंपर्कवालाच लिहितो, हे पेशात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण त्याला एक अट आहे: ज्याच्या तोंडी वाक्य घालायचं, त्याने ते स्वतः वाचून मंजूर केलेलं असावं. स्वीय सहायकाची मंजुरी ही मंजुरी नव्हे. प्रत्यक्षात घडतं असं, की सही सहायक देतो, पत्रक जातं, आणि संध्याकाळी टीव्हीवर निवेदक तेच वाक्य वाचून दाखवतो तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण नसते. त्याआधी दहा मिनिटं साहेबांशी बोलून, त्यांच्याच तोंडचे दोन शब्द उचलून कोट बांधला असता तर हे टळलं असतं. ‘अत्यंत आनंद होत आहे’ने सुरू होणारे कोट पत्रकार वाचतसुद्धा नाहीत. कोटात निर्णयाचं कारण यावं, धोका यावा, पुढची तारीख यावी. मजकुरात आलेलीच माहिती कोटात पुन्हा आली तर त्यातलं एक काढून टाकायचं.

‘ऑफ द रेकॉर्ड’चंही तसंच. ते बोलण्याआधी ठरतं, बोलून झाल्यावर नाही, आणि दोघांनी मान्य केलं तरच ठरतं. त्याचा अर्थही आधी स्पष्ट करावा: मजकूर वापरायचाच नाही, की नाव न घेता वापरायचा, की ‘कंपनीतल्या अधिकाऱ्याने सांगितलं’ एवढं चालेल? मुलाखतीआधी प्रवक्त्याला हे पाच मिनिटांत समजावून सांगणं आपलं काम आहे. मुलाखत झाल्यावर ‘ते वाक्य छापू नका’ म्हणून पत्रकाराला विनवण्या करत बसणं दोघांनाही कमीपणा आणतं.

आचारसंहितांबद्दल थोडक्यात. त्या आहेत, आणि चांगल्या आहेत. अमेरिकेतल्या पीआरएसए या संस्थेची स्थापना १९४७ ची आणि तिची पहिली संहिता १९५० ची. आंतरराष्ट्रीय संघटना आयप्राने १९६१ मध्ये व्हेनिस संहिता आणि १९६५ मध्ये अथेन्स संहिता स्वीकारली. अथेन्स संहितेचा पाया मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर आहे. ब्रिटनमधल्या जनसंपर्क संस्थेला २००५ मध्ये शाही सनद मिळाली. पण डॉक्टरला लागतो तसा परवाना बहुतेक देशांत या पेशाला लागत नाही. ब्राझीलने १९६७ मध्ये कायदा करून तो नियमात बांधला, तसं फार थोड्या देशांनी केलं. या पेशाच्या अमेरिकेतल्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, एडवर्ड बर्नेस, उतारवयात परवान्याचा आग्रह धरत राहिले. तो मान्य झाला नाही. त्यामुळे संघटनेच्या हातातली सर्वांत कडक शिक्षा म्हणजे हकालपट्टी, आणि सदस्यच नसलेल्याला तीही लागू नाही. दर्जा राखायची जबाबदारी म्हणून उरते ती रोजच्या टेबलावर.

तरीही हकालपट्टीला वजन असतं, हे २०१७ मध्ये दिसलं. लंडनमधली बेल पॉटिंजर ही बडी एजन्सी दक्षिण आफ्रिकेत उद्योगपती गुप्ता कुटुंबाच्या ओकबे कंपनीसाठी काम करत होती. तिच्या मोहिमेने वांशिक तेढ वाढवल्याचा ठपका ठेवून ब्रिटनच्या पीआरसीए संघटनेने तिला सप्टेंबरमध्ये काढून टाकलं. ग्राहक भराभर सोडून गेले आणि त्याच महिन्यात एजन्सी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याआधीचं गाजलेलं प्रकरण १९९० चं. कुवेतवर इराकने आक्रमण केल्यानंतर १० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींच्या एका गटासमोर पंधरा वर्षांच्या एका मुलीने साक्ष दिली, की इराकी सैनिकांनी रुग्णालयात अर्भकांना इन्क्युबेटरमधून काढून टाकताना तिने पाहिलं. ती साक्ष जगभर दाखवली गेली. ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची कन्या असल्याचं लोकांना १९९२ मध्ये कळलं. साक्षीमागे हिल अँड नोल्टन ही एजन्सी होती आणि एजन्सीला नेमणाऱ्या ‘नागरिक समिती’चा जवळजवळ सगळा पैसा कुवेत सरकारचा होता.

या दोन्ही प्रकरणांत मला खटकते ती एकच गोष्ट: बोलतंय कोण आणि पैसे कोणाचे, हे ऐकणाऱ्याला कळू दिलं गेलं नाही. बाजू मांडायला माझी हरकत नाही, तो आमचा धंदाच आहे. अप्रिय ग्राहकालाही आपली बाजू मांडायचा हक्क आहे. पण नागरिकांच्या नावाने काढलेली समिती, तज्ज्ञाच्या नावाने आलेला लेख, सामान्य वापरकर्त्याच्या नावाने टाकलेला अभिप्राय, यांच्यामागे आपलं बिल असेल तर ते उघड लिहायचं. विकिपीडियाने तर पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने ग्राहकाचं नाव जाहीर करावं, अशी अट २०१४ पासून वापराच्या नियमांतच घातली आहे. तिथलं ग्राहकाचं पान आपण थेट बदलायचं नाही. चर्चापानावर ओळख देऊन, संदर्भ जोडून दुरुस्ती सुचवायची आणि वाट पाहायची. आठवडे लागतात. ते ग्राहकाला पहिल्याच बैठकीत सांगायचं.

नकार द्यायची सोय करारातच करून ठेवावी लागते. खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान प्रसिद्ध करायला सांगितल्यास एजन्सीला काम थांबवता येईल, असं एक कलम पुरतं; वेळ आली की त्याच्या आधाराने बोलता येतं. छापून आलेल्या प्रत्येक बातमीमागे इतके पैसे, असा मोबदला ठरवू नये. त्याने एजन्सीतल्या सर्वांत तरुण माणसावर सर्वांत वाईट दबाव येतो, आणि भेटवस्तू, उपकार, विकत घेतलेली जागा ‘बातमी’ म्हणून दाखवणं, हे सगळं तिथून सुरू होतं. नकार देताना लेखी द्यावा, त्यात कारण एका वाक्यात असावं आणि सोबत पर्याय असावा: ‘हा आकडा देता येणार नाही, लेखापरीक्षित आकडा पंधरा दिवसांत येईल, तेव्हा पत्रक काढू.’ बहुतेक ग्राहक हे ऐकतात. जे ऐकत नाहीत ते पुढच्या संकटात तुम्हालाही खोटं सांगतील, आणि ते तुम्हाला पत्रकाराकडून कळेल.

संकटाच्या वेळी तर या सगळ्याचा कस लागतो. अपघात झाला, उत्पादनात दोष निघाला, डेटा फुटला. पहिल्या तासात हाती जवळजवळ काहीच नसतं. तेव्हा चार वाक्यांचं निवेदन काढायचं: काय घडल्याची खात्री झाली आहे, काय अजून माहीत नाही, आत्ता काय केलं जात आहे, आणि पुढची माहिती किती वाजता देऊ. चौथं वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि तेच सर्वांत उपयोगी. पाच वाजता म्हटलं तर पाचला यायचं, नवं काही नसेल तर ‘नवं काही नाही’ हे सांगायला यायचं. मृत किंवा जखमींचा अंदाज कधीही सांगायचा नाही. तो आकडा रुग्णालय किंवा प्रशासन देईल. कुटुंबीयांना कळण्याआधी नावं बाहेर जाऊ द्यायची नाहीत. आधीच वेळ लावून ठेवलेल्या सोशल मीडियावरच्या पोस्ट आणि जाहिराती ताबडतोब थांबवायच्या. दुर्घटनेच्या दुपारी सवलतीची हसरी जाहिरात झळकली तर नंतरच्या कुठल्याही निवेदनाने ते भरून निघत नाही. कोण कधी काय बोललं याची वेळेनुसार नोंद एकाने फक्त तेवढंच काम म्हणून ठेवायची. वकील म्हणतील सहानुभूती म्हणजे कबुली, तसं नसतं. ‘ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’ या वाक्यात दोष कोणाचा हे कुठेच येत नाही. हे वाक्य वकिलाबरोबर शांत दिवसांतच ठरवून ठेवावं.

१९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात जण दगावले. ते विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत बोलावल्या, दहा कोटी डॉलरहून अधिक फटका सोसला, आणि काही आठवड्यांतच उघडल्याचं कळून येईल अशा सीलबंद वेष्टनात औषध पुन्हा आणलं. पीआरच्या वर्गात हे उदाहरण निवेदनांसाठी शिकवतात. माझ्या मते त्यातलं खरं काम शब्दांच्या आधी झालं: माल परत घ्यायचा निर्णय. जनसंपर्कवाला त्या निर्णयाच्या खोलीत असला पाहिजे. निर्णय झाल्यावर बोलावलेल्या माणसाच्या हाती फक्त रंगरंगोटी उरते, आणि बाहेर लोक काय म्हणताहेत हे आत ऐकवणारा कोणीच नसतो. आपल्या साहेबांना नको असलेली बातमी दहाव्यांदा, तितक्याच शांतपणे सांगता येणं हे या पेशातलं मोठं कसब आहे.

आता मोजमाप. वर्षानुवर्षं बातम्यांच्या कात्रणांची जाड क्लिपिंग फाइल आणि तिच्या शेवटी ‘पीआर व्हॅल्यू’ अशी पद्धत चालत आली. दोन कॉलम रुंद, वीस सेंटिमीटर उंच बातमी म्हणजे चाळीस कॉलम सेंटिमीटर; गुणिले जाहिरातीचा दर; वर बातमीवर विश्वास जास्त म्हणून आणखी तिप्पट. यातला एकही टप्पा टिकत नाही. छापील दर कोणी देत नाही, तिपटीला आधार नाही, आणि टीका करणारी बातमी जितकी मोठी तितकी आपली ‘कमाई’ जास्त. २०१० मध्ये बार्सिलोनात मोजमाप क्षेत्रातल्या संस्थांनी स्वीकारलेल्या तत्त्वांत हे स्पष्ट म्हटलं, की जाहिरातमूल्य म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. तरी अहवालात तो आकडा डोकावतोच, कारण तो मोठा दिसतो. त्याऐवजी मोहीम सुरू होण्यापूर्वीची स्थिती मोजून ठेवावी: मदतवाहिनीवर आठवड्याला किती फोन येतात, त्यातले किती चुकीच्या समजुतीतून, किती अर्ज अपुरे येतात. सहा महिन्यांनी तेच पुन्हा मोजावं. बदल छोटा असेल, पण खरा असेल, आणि ग्राहकासमोर मान वर करून ठेवता येईल. बदल झालाच नसेल तर तेही अहवालाच्या पहिल्या पानावर यावं.

आणि चूक बाहेर गेलीच तर दुरुस्तीची पद्धत ठरलेली हवी. मूळ पत्रक ज्यांना गेलं त्या सगळ्यांना, त्याच यादीने, विषयाच्या ओळीत सुरुवातीलाच ‘दुरुस्ती’ लिहून ईमेल जातं. त्यात चुकीचं वाक्य जसंच्या तसं, खाली योग्य वाक्य, आणि बदलाचं कारण एका ओळीत. विशेषणं नाहीत, ‘टंकलेखनाची चूक’ हे बहाणे नाहीत. ज्यांनी बातमी लावून टाकली आहे त्यांना ईमेलच्या आधी फोन. वेबसाइटवरचं पत्रक गुपचूप बदलायचं नाही. वर तारीख आणि वेळेसह दुरुस्तीची नोंद ठेवायची. ग्राहक पहिल्यांदा याला हमखास विरोध करतो: कोणाच्या लक्षात आलं नसताना आपणच का ओरडायचं? तेव्हा त्याला सांगावं, की चुकीचा आकडा एकदा छापला गेला की पुढच्या वर्षीचा पत्रकार तो जुन्या बातमीतून उचलतो, त्यानंतरचा त्याच्याकडून, आणि तीन वर्षांनी तो आकडा खोडून काढायला जितका खर्च येतो त्याच्यापुढे आजची चार ओळींची ईमेल फुकट आहे.